ग्रीनव्हिलची अंडी, घरचा चक्का

साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला राहायला आलं की दोन गोष्टी लगेच अंगवळणी पाडून घ्याव्या लागतात. वडीलधाऱ्या बाईला उत्तर देताना 'यस मॅम' म्हणायचं, आणि मेयोनेझ आणायचं तर ड्यूक्सचंच आणायचं. युजिनिया ड्यूक या बाई इथेच राहायच्या. १९१७ साली गावाजवळच्या कॅम्प सेव्हियर या लष्करी छावणीतल्या सैनिकांना त्या सँडविच विकायच्या. सँडविचपेक्षा आतल्या मेयोनेझचाच बोलबाला झाला, तेव्हा त्यांनी नुसतं मेयोनेझ बाटल्यांत भरून विकायला घेतलं आणि १९२९ मध्ये तो धंदा रिचमंडच्या सॉअर कंपनीला विकला. या मेयोनेझमध्ये साखर नसते, त्यामुळे ते चवीला जरा आंबटसर लागतं. इथली माणसं दुसऱ्या कुठल्याही मेयोनेझला नाक मुरडतात. पिवळ्या झाकणाची ती बाटली नाही असा फ्रीज मी तरी आमच्या गल्लीत पाहिलेला नाही.

त्या बाटलीचा सगळ्यात मोठा खप डेव्हिल्ड एग्जसाठी. अंडी कडक उकडायची, उभी चिरायची, बलक काढून तो मेयोनेझ, मोहरीचं पिवळं मस्टर्ड, थोडं व्हिनेगर आणि गोड लोणच्याच्या बारीक तुकड्यांबरोबर घोटायचा, परत पांढऱ्याच्या वाटीत भरायचा आणि वर पॅप्रिकाची लाल पूड भुरभुरायची. एवढंच. पण ईस्टर असो, चर्चमधलं जेवण असो, की कुणाच्या घरी मयत झाल्यावर शेजारपाजाऱ्यांनी नेऊन द्यायचं खाणं असो, ही अंडी नाहीत असं होत नाही. त्यासाठी वेगळी काचेची ताटं मिळतात. त्यांना अंड्याच्या आकाराचे खळगे असतात, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. इथे लग्नात मुलीला असं ताट भेट देतात. आमच्या शेजारणीकडे तिच्या आजीचं आहे.

ही शेजारीण सत्तरीची. आम्ही तिच्या नावाआधी 'मिस' लावतो, इकडची तशी रीतच आहे. तिच्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी बेकन, लोणी, मेयोनेझ यांना हात लावायचा नाही म्हणून बजावलं. बेकन सुटलं. लोणीही सुटलं. ईस्टर जवळ आला तेव्हा गृहस्थ अडून बसले की, अंडी नसतील तर मी टेबलावर येणारच नाही. शेजारीण माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू ते दही फडक्यात टांगतेस ना, त्याचं काही करता येईल का?" तिने आमच्याकडे गुढीपाडव्याला श्रीखंड खाल्लं होतं, आणि त्याआधी सिंकच्या नळाला लटकलेली पुरचुंडीही पाहिली होती.

मी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. कुठलाही पदार्थ हलका करायचा तर जडपणा नेमका कुठून येतो ते कळायला हवं. ते न पाहताच लोक अंड्याला दोष देतात. इथल्या मोठ्या आकाराच्या एका अंड्यात ७२च्या आसपास कॅलरी असतात, त्यातल्या ५५ बलकात. म्हणजे अर्ध्या अंड्याच्या ३६. बारा अंड्यांना शेजारणीच्या हिशोबाने अर्धा कप मेयोनेझ, म्हणजे आठ मोठे चमचे, आणि एका चमच्याच्या पंचाण्णव ते शंभर कॅलरी. अमेरिकेतल्या नियमानुसार मेयोनेझ म्हणून जे विकायचं त्यात वजनाच्या निदान ६५ टक्के तेल असावंच लागतं, तेव्हा यात नवल काही नाही. भागाकार केला की प्रत्येक अर्ध्या अंड्यामागे साधारण ३२ कॅलरी नुसत्या मेयोनेझच्या निघतात. दोन्ही मिळून अडुसष्ट. म्हणजे जवळजवळ निम्मं ओझं त्या पिवळ्या झाकणाखालचं. बिचारं अंडं उगाच बदनाम.

हलक्या डेव्हिल्ड एग्जच्या पाककृतींत सर्रास सांगितलेलं असतं की, निम्मे बलक टाकून द्या. हे मला पटत नाही. एक तर बलक कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. शिवाय अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शनात पूर्वी कोलेस्टेरॉल दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असं असायचं, ती आकड्याची मर्यादा २०१५च्या आवृत्तीत काढून टाकली. याचा अर्थ अंडी वाट्टेल तेवढी खा असा नाही. एका अंड्यात १८६ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, सगळं बलकातच, आणि हृदयाच्या रुग्णाने डॉक्टर सांगतील तेच करावं. आमच्या शेजाऱ्याला दोन अर्धुकांची परवानगी होती. म्हणून मी मधला मार्ग काढला: बारातले तीन बलक बाजूला. ते माझ्या मुलाने तिथल्या तिथे मीठ-मिरपूड लावून संपवले.

अंडी उकडण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या पदार्थात पांढऱ्याची वाटी गुळगुळीत निघाली नाही तर पुढचं सगळं फुकट. ताजं अंडं सोलायला चिवट. अंडं जुनं होत जातं तसा कवचाच्या छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढऱ्याचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि ते आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. इथल्या खोक्यांवर खपायच्या तारखेशेजारी एक तीन आकडी संख्या छापलेली असते, ती अंडी खोक्यात भरल्याचा दिवस सांगते. १ जानेवारी म्हणजे ००१, ३१ डिसेंबर म्हणजे ३६५. शेजारणीला पन्नास वर्षं अंडी आणूनही हे माहीत नव्हतं; दुकानात उभी राहून ती प्रत्येक खोकं उलटंपालटं करून वाचायला लागली. आम्ही ०८० घेतलं, म्हणजे २१ मार्चचं, आणि आठवड्याहून जास्त फ्रीजमध्ये ठेवलं. आदल्या रात्री ते खोकं आडवं ठेवलं, म्हणजे बलक एका टोकाला न बसता मधोमध येतो आणि वाटीची भिंत कुठे पातळ, कुठे जाड होत नाही.

मग उकडणं. गार पाण्यात अंडी ठेवून ते हळूहळू तापवलं तर पांढरं पापुद्र्याला धरून बसतं. एकदम वाफेचा चटका दिला की ते आतल्या आत आवळतं आणि सुटतं. मी इडलीपात्रात वरच्या जाळीवर ठेवून बारा मिनिटं वाफवते आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते. जास्त शिजलं तर पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह यांची गाठ पडून बलकाभोवती राखी-हिरवं कडं येतं. ते खाल्ल्याने काही होत नाही, पण ताटात वाईट दिसतं. सोलताना जाड टोकापासून सुरुवात करायची, तिथे हवेची पोकळी असते.

आता मेयोनेझच्या जागी काय? शेजारणीने आधीच दुकानातलं बिनसायीचं ग्रीक योगर्ट घालून पाहिलं होतं. चव आंबट, पातळ. दुसऱ्या दिवशी वाटीत पाणी सुटलेलं. बलकातल्या मिठाने आणि लोणच्याने दह्याचं पाणी ओढून बाहेर काढलं होतं. कॉटेज चीज रवाळ लागतं. ॲव्होकाडोने रंग हिरवा होतो आणि मेद दह्याइतका कमी होतही नाही. माझ्या मते मेयोनेझ काढून त्या जागी एकच गोष्ट ठेवायची, इथेच गडबड होते. मेयोनेझ तिथे चार कामं करत असतं: मिश्रण मऊ करणं, आंबटपणा देणं, मीठ देणं, आणि मसाल्याचा वास तेलात धरून ठेवून तो जिभेवर रेंगाळवणं. चारही कामं वाटून द्यायला हवीत.

मऊपणा चक्क्याकडे. दोन टक्के मेदाच्या दुधाचं दही लावून रात्रभर फ्रीजमध्ये टांगलं. श्रीखंडाला बांधतो त्यापेक्षाही घट्ट, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहील इतकं. दही ताजं हवं. आंबट दह्याचा चक्का केला की व्हिनेगर घालायची सोयच राहत नाही आणि चव एकमार्गी होते. मग बलक आणि चक्का दोन्ही एकत्र पुरणयंत्रात, सगळ्यात बारीक जाळी लावून. हे मी खास दाखवायला शेजारणीला बोलावलं. तिचा बलक काट्याने कुस्करलेला असायचा, त्यात कुठे ना कुठे गुठळी राहायचीच, आणि ती बुडवायला तिला जास्त मेयोनेझ लागायचं. यंत्राचा दांडा फिरवला की खालून पिवळ्या शेवया पडतात आणि चमच्याने दोनदा हलवलं की लोण्यासारखं एकजीव होतं. चार दांडे फिरवून झाल्यावर तिने यंत्र हातातून काढूनच घेतलं. पुरणपोळीसाठी आईने सोलापूरहून आणून दिलेलं ते यंत्र त्या आठवड्यात तिच्याच घरी होतं.

आंबटपणासाठी व्हिनेगरचा अर्धा छोटा चमचा आणि भरपूर मस्टर्ड. मस्टर्डमध्ये कॅलरी नावालाच असतात, म्हणून इथे हात सैल सोडला. गोड लोणच्याचे तुकडे कापडात पिळून घेतले. आणि एक मोठा चमचा ड्यूक्स, हो, ते घातलंच. बारा अंड्यांत एक चमचा म्हणजे अर्धुकामागे चारेक कॅलरी, पण त्याने ओळखीची चव परत येते. पूर्ण वर्ज्य करण्याचा हट्ट मला डाएटवाल्यांचा अहंकार वाटतो.

राहिला वास. इथली पॅप्रिका बहुतेक घरांत वर्षानुवर्षं डबीत पडून असते. तिला रंग असतो, चव उडालेली असते. नवी आणली. शिवाय पॅप्रिकाचा रंग आणि स्वाद तेलात उतरतो, कोरडी भुरभुरून उपयोग नाही. म्हणून कढल्यात एक छोटा चमचा तेल तापवलं, गॅस बंद केला, अर्धं मिनिट थांबले आणि मग पॅप्रिका घातली. लाल तिखटाची फोडणी करताना आपण घेतो तीच काळजी, नाहीतर करपते. ते लाल तेल निम्मं मिश्रणात, निम्मं वरून थेंब थेंब. हिंग, मोहरी, कोथिंबीर घालायचा मोह झाला होता. आवरला. पदार्थ तिचा होता, टेबल तिचं होतं, आणि तिच्या नवऱ्याला त्याच्या आईच्या हातचं काहीतरी हवं होतं, माझ्या हातचं नव्हे.

भरायला प्लास्टिकच्या पिशवीचं टोक कापून मेंदीच्या कोनासारखं केलं. हिशोब परत मांडला: अर्धुकामागे चाळिसाच्या आत. अडुसष्टवरून इथवर.

ईस्टरच्या जेवणाला आम्हालाही बोलावणं होतं. आजीचं काचेचं ताट मधोमध. गृहस्थांनी पहिलं अर्धुक उचललं, चावलं, बायकोकडे पाहिलं, आणि शेजारची टेक्सस पीट या तिखट सॉसची बाटली उघडून दुसऱ्यावर दोन थेंब टाकले. "ड्यूक्स आहे यात," एवढंच म्हणाले. शेजारीण माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होती. तिसरं उचलायला हात पुढे आला तेव्हा तिनेच ताट मुलांच्या बाजूला सरकवलं.

जुलैत इथल्या मराठी मंडळींची तळ्याकाठी सहल असते, तिथे मी ही अंडी नेली. उन्हात हा पदार्थ जोखमीचा. साधारण हवेत दोन तास, आणि ३२ अंशांच्या वर गेलं तर एकच तास बाहेर ठेवावा, असं इथलं कृषी खातं सांगतं. चक्का असो की मेयोनेझ, नियम तोच. म्हणून पांढऱ्या वाट्या एका डब्यात, मिश्रण पिशवीत, दोन्ही बर्फात, आणि भरणं तिथे बाकावर बसून. शाकाहारी टेबल वेगळं होतं, माझं ताट झाडाखाली दुसऱ्या टोकाला. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला: "वरून कोथिंबीर नाही?" एका काकांनी खिशातून लसणाच्या चटणीची पुडी काढली. मी काही बोलले नाही. ते काही ईस्टरचं टेबल नव्हतं. पुण्यात रात्री हातगाडीवर उकडलेलं अंडं चिरून, कांदा आणि तिखट-मीठ घालून देतात, ते आठवून दोघा-तिघांनी कांदाही चिरला. मेद न वाढवता चव वाढवायची म्हटली तर त्या गाडीवाल्याला कुणी विचारत नाही, पण त्याला हे सगळं आधीपासून येतं.

पाककृती विचारायला एक काकू आल्या. त्यांनी मोबाइलमध्ये सगळं टिपून घेतलं: वाफ, बारा मिनिटं, दोन टक्क्यांचं दूध, पुरणयंत्र. मग म्हणाल्या, "अगं, चक्का टांगायचाच आहे तर एवढासा कशाला टांगतेस? पुरुषांना अंडी होतील, आम्हाला वाटीभर श्रीखंड होईल." आता सहलीच्या आदल्या रात्री माझ्या फ्रीजमध्ये दोन पुरचुंड्या असतात. श्रीखंडाच्या कॅलरी मी मोजलेल्या नाहीत.