भिंत दोघांची, घर कुणाचं?

चला, आज उत्तर इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड शहराजवळच्या सॉल्टेअर गावी जाऊ या. स्टेशनाला लागूनच एक प्रचंड दगडी गिरणी आहे. तिथून चढाचा रस्ता धरलात, की दिसतात घरांच्या सरळ रांगा. या घराची उजवी भिंत, तीच शेजारच्याची डावी! 'टेरेस' म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते ना? तिकडे मात्र रांगेतल्या अशा घरांना 'टेरेस्ड हाउस' म्हणतात. गच्ची नाहीच, वर उतरतं छप्पर आणि धुराडी.

हे गाव वसवलं टायटस सॉल्ट या लोकरीच्या गिरणीमालकानं. गिरणी १८५३मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत कामगारांसाठी आठशेवर घरं उभी राहिली. सॉल्टचं आडनाव आणि तिथली एअर नदी मिळून झालं सॉल्टेअर! गल्ल्यांना त्यानं बायको-मुलांची नावं दिली. त्या काळी ब्रॅडफर्डच्या कामगारवस्त्यांत धूर, घाण आणि कॉलरा होता. इथं मात्र घरोघरी पाणी, मागे छोटं अंगण आणि स्वतंत्र संडास. साध्या कामगाराचं घर लहान, मुकादमाचं मोठं.

मग कामगार अगदी सुखी असतील, नाही का? सोय तर होतीच. पण मेख अशी, की घरं मालकाची आणि कामगार भाडेकरू. पगारही त्याच्याकडून, छप्परही त्याचंच! नोकरी गेली तर राहायचं कुठं, हा घोर होताच. मुंबईच्या गिरणगावात, मिलच्या चाळीत राहिलेले कुणी आजी-आजोबा ओळखीचे असतील, तर त्यांना विचारा. हा घोर त्यांना लगेच कळेल.

१९३३ साली ही घरं एका कंपनीला विकली गेली. पुढे हळूहळू अनेक घरं राहणाऱ्यांच्या मालकीची झाली. १९८६मध्ये गिरणी बंद पडली. २००१मध्ये गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं.

आज तिथं कुणी मालक आहे, कुणी भाडेकरू. पण मालक झालं म्हणून सारं मनासारखं करता येत नाही बरं का! घरं ऐतिहासिक, म्हणून खिडक्या बदलायलाही परवानगी लागते. सामाईक भिंतीचं मोठं काम काढायचं, तर शेजाऱ्याला आधी लेखी कळवावं लागतं. तसा १९९६चा कायदाच आहे.

आता एक गृहपाठ. तुमच्या घराचा कागद आईबाबांकडून पाहून घ्या. भाडेकरार आहे, की खरेदीखत? त्यावर नाव कुणाकुणाचं आहे? आणि हो, त्यात आईचं नाव आहे का, तेही बघा हं!