पोटठेकेदार आणि शेवटचा डिटेक्टर

आमच्या अलिबाग-नागाव पट्ट्यात फायर अलार्मचं काम पॉइंटच्या भावाने सुटतं. एक डिटेक्टर म्हणजे एक पॉइंट. भिंतीला खाच मारणं, पाइप टाकणं, वायर ओढणं, बेस बसवणं, एवढं त्या भावात येतं. तपासणी येत नाही. ती मुख्य ठेकेदार आपल्याकडे ठेवतो. पोटठेकेदाराचा माणूस शेवटचा बेस बसवून पुढच्या साइटला निघून जातो आणि पॅनेल चालू होतं त्या दिवशी भिंतीत काय आहे हे ठाऊक असलेला माणूसच हजर नसतो. या धंद्यातल्या बहुतेक कच्च्या कामाचं मूळ मला इथे दिसतं. ‘हल्लीची पोरं कामचुकार’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. वायर ओढण्याचे पैसे दिले की वायर ओढलेली मिळते. अलार्म वाजण्याचे पैसे कुणी देतच नाही.

*

शेवटच्या रेझिस्टरबद्दल एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

साध्या, झोनवाल्या पॅनेलमधून झोनच्या दोन तारा निघतात आणि एका डिटेक्टरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशा जातात. अगदी शेवटच्या बेसमध्ये तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा एक रेझिस्टर लावायचा असतो. त्यातून सतत थोडा करंट वाहतो आणि पॅनेल तो मोजत असतं. धूर आला की डिटेक्टर जास्त करंट ओढतो, पॅनेल ‘फायर’ दाखवतं. मधे तार तुटली की करंट थांबतो, पॅनेल ‘फॉल्ट’ दाखवतं. सगळी देखरेख त्या एका दाण्यावर उभी आहे.

आता हँडओव्हरची संध्याकाळ घ्या. मालक मुंबईहून आलेले, शनिवारचं बुकिंग झालेलं, आणि पॅनेलवरचा पिवळा दिवा जात नाही. तार कुठे तुटली ते शोधायचं तर पीओपी उघडायला लागेल. अशा वेळी कुणीतरी तो रेझिस्टर शेवटच्या बेसमधून काढतो आणि थेट पॅनेलच्या टर्मिनलला लावतो. पिवळा दिवा जातो, हिरवा राहतो, मालक सही करतात. त्यानंतर त्या झोनची सगळी वायर कुणी उपटून नेली तरी पॅनेल ‘ठीक’ म्हणत राहील. मधेच फांदी काढून एखाद्या खोलीचा डिटेक्टर जोडला तरी तीच गत. फांदीवरची तार तुटली तर पॅनेलला कळायला मार्ग नाही.

पडताळणी दोन मिनिटांची आहे. शेवटच्या बेसमधली रेझिस्टरची एक तार सोडवायची आणि दुसऱ्या माणसाने पॅनेलसमोर उभं राहायचं. फॉल्ट आला पाहिजे. नाही आला तर सही करायची नाही.

पण शेवटचा बेस कोणता? नकाशावर एक दाखवलेला असतो, पाइप मिळाला तसा माणूस दुसरीकडून गेलेला असतो. ज्याने वायर ओढली त्यालाच ते माहीत. म्हणून तपासणीच्या दिवशी तो हवा, आणि त्या दिवसाची हजेरी त्याला मिळायला हवी. माझ्या वर्क ऑर्डरमध्ये आता ही ओळ असते: पॉइंटच्या भावाचा एक हिस्सा चाचणीनंतर, आणि चाचणीच्या दिवसाची मजुरी वेगळी. भाव थोडा चढतो. मालकाला मी तसं सांगतो.

*

नागावच्या वाडीतलं काम शहरातल्या कामासारखं नसतं. रस्त्याला घर, मागे नारळ-सुपारी, वाडीच्या टोकाला समुद्राच्या बाजूने दोन-चार कॉटेज. पॅनेल घरात, डिटेक्टर कॉटेजमध्ये, मधे सगळी वाडी. पूर्वी सुपारीच्या झाडांना बांधत बांधत केबल वरून नेत असत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि झाडांबरोबर तारा गेल्या. आता जमिनीतून पाइप टाकून नेतो. तरी घूस आहेच, आणि शिंपणाचा पाट दुरुस्त करताना पडणारी कुदळ आहे. पाइप किती खोल, कुठून वळला, हे वाडीत काम करणाऱ्या गड्याला दाखवून ठेवणं हा कामाचाच भाग धरायचा. त्याला कागद देऊन काही उपयोग नाही. बरोबर चालत जाऊन दाखवायचं.

*

खारं वारं. पेटीत केबल वरून शिरली की पावसाचं पाणी तिच्या अंगावरून आत जातं. खालून शिरवायची, ग्लँड आवळायचा आणि शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. उघडं तांबं इथे काही महिन्यांत हिरवं पडतं. टोकाला लग दाबून बसवायचा, नुसती तार स्क्रूखाली वळवायची नाही. हे सगळं मुंबईचा पोटठेकेदार शिकवल्याशिवाय करत नाही, कारण मुंबईत एसीच्या खोलीत त्याला कधी गरज पडलेली नसते. रेवदंड्याचा, चौलचा माणूस न सांगता करतो, कारण त्याने स्वतःच्या घरचा मीटर सडलेला पाहिलेला असतो.

*

वीकएंडचे बंगले. मालक रविवारी संध्याकाळी निघताना मेन स्विच खाली करून जातात. शहाणपणाचीच सवय, पण पॅनेल त्याच मेनवर असेल तर ते बॅटरीवर येतं. बॅटरी पुरेपूर उतरते, पुढच्या शुक्रवारी पुन्हा चार्ज होते, पुन्हा उतरते. असं वर्षभर झालं की बॅटरी मेलेलीच समजा. पॅनेलला मेनच्या आधीपासून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी हवा, आणि त्यावर लाल पट्टी.

पण ती लाइन टाकायची कुणी? इलेक्ट्रिकवाला म्हणतो, अलार्म माझ्याकडे नाही. अलार्मवाला म्हणतो, मेन बोर्डाला मी हात लावणार नाही. दोघेही आपापल्या कामापुरते बरोबर. दोन पोटठेकेदारांच्या मधल्या अशा जागा पहिल्या दिवशीच कागदावर नाव घालून वाटून टाकाव्या लागतात. पीओपीवाल्याने भोक कुठे सोडायचं, रंगवाल्याने डिटेक्टरची टोपी केव्हा काढायची, एसीवाल्याची हवा डिटेक्टरवर येणार की नाही, हेही त्यातच. डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळची प्लास्टिकची टोपी तशीच राहिलेली मी पाहुण्यांनी भरलेल्या घरात पाहिली आहे. टोपीखालून धूर आत जात नाही.

*

साखळी वाढत चालली आहे. मांडव्याची रो-रो २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, बांधकामं वाढली. मुंबईतली कंपनी व्हिलाचं काम घेते, अलिबागच्या माणसाला देते, तो आणखी एकाला, तो रोजावरच्या दोघांना. प्रत्येक पायरीवर भावातून काही निघतं. शिडीवर चढणाऱ्याच्या हातात जे उरतं त्यातच सगळं काम बसवायचं असतं.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. चौकशीचा शेवटचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. वास्तुविशारद, मुख्य कंत्राटदार, आवरणाचं काम घेतलेला पोटठेकेदार, प्रत्येकाने आगीची काळजी दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची धरली होती, हे त्यात पानापानांतून येतं. तिथली इमारत चोवीस मजल्यांची, आमची कॉटेज तळमजल्याची. पण मेन बोर्डाच्या लाइनवरून दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा मला तो अहवाल आठवतो.

*

जबाबदारी कुणाची याबाबतीत कायदा साफ आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. ज्या इमारतींना तो लागू आहे तिथे काम परवानाधारक संस्थेने करायचं, बसवल्यावर नमुना ‘अ’चा दाखला द्यायचा, आणि पुढे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा नमुना ‘ब’. दाखल्यावर सही परवाना असलेल्याची. पोटठेकेदाराचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. म्हणून ज्याची सही त्याने भिंत बुजण्याआधी साइटवर जायला हवं. अलिबागच्या ऑफिसात बसून, फोनवर ‘झालं का?’ विचारून केलेली सही मला धोक्याची वाटते. परवाना भाड्याने दिल्यासारखंच ते झालं.

*

प्लास्टरच्या आधीचे फोटो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका पोटठेकेदाराची ही सवय. प्रत्येक भिंतीचा एक फोटो, त्यात टेप धरलेला. कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर, ते आकड्यासकट दिसतं.

मी विचारलं, “कुणी सांगितलं रे तुला हे?”

“कुणी नाय दादा. एकदा टीव्हीवाल्याने ड्रिल मारून माझी वायर फोडली आणि पैसे माझे कापले. तेव्हापासून काढतो.”

त्याला मी त्या फोटोंचे वेगळे पैसे देतो. ते माझ्याच कामाचे आहेत. दुरुस्तीला गेलो की पहिली मागणी त्यांचीच.

*

पैसे. एका मोठ्या ठेकेदाराने माझं बिल पावसाळाभर अडकवून ठेवलं होतं. कारण काय, तर त्याला वरून आलं नाही. गणपती तोंडावर आले आणि माझ्याखालच्या पोरांनी घरी आरास करायची की नाही हे त्या बिलावर येऊन ठेपलं. मी उसने घेऊन दिले. दर गणपतीला असं करता येत नाही.

‘वरून आलं की देतो’ ही धंद्याची रीत असली तरी कायद्याची नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योजकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. एप्रिल २०२३ नंतरच्या हिशोबांत आयकरानेही हे पकडलं. मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. आमच्या छोट्या पोटठेकेदारांपैकी पुष्कळांची उद्यम नोंदणीच नाही. ती मोबाइलवर, फुकट होते. वायरमनला पहिली ऑर्डर देताना मी त्याला शेजारी बसवून ती करून देतो. पुढे माझ्याकडूनच वसुलीची वेळ आली तर त्याच्या हातात कागद असावा.

टीडीएस कापला तर त्याचं प्रमाणपत्रही द्यायचं. कापलेले पैसे परत मागताना त्याच्या हाताशी ते असावं.

*

शिडी. पोटठेकेदाराचा माणूस पडला तर तो ‘त्याचा माणूस’ म्हणून सुटता येत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून मूळ काम देणाऱ्यावर जबाबदारी आहे. आधी त्याने भरायचं, मग पोटठेकेदाराकडून वसूल करायचं. कायदा बाजूला ठेवला तरी, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा ओल्या लाद्यांवर अॅल्युमिनियमची शिडी टेकवून वर चढतो आणि खाली धरायला कुणी नसतं, हे बघून गप्प कसं राहायचं? दोन माणसांशिवाय शिडी उभी राहणार नाही, असं मी लिहून घेतो. विमा माझ्या नावाने काढतो आणि त्यात त्याची माणसं धरतो.

*

कॅमेऱ्याचं काम पोटठेकेदाराला देताना अलार्मपेक्षाही जपायला लागतं. ज्याने रेकॉर्डर लावला त्याला घराचा पासवर्ड माहीत, मालक कधी नसतात ते माहीत, मागचं दार कुठे ते माहीत. कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले रेकॉर्डर या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. काम संपलं की मालकाने स्वतःच्या बोटाने पासवर्ड बदलायचा, आमच्यासमोर, आम्ही पाठ फिरवून उभे. पोटठेकेदाराला याचा राग येत नाही. उलट पुढे चोरी झाली तर संशय त्याच्या पोरांवर येत नाही, हे त्याला पहिल्यांदा कळतं.

*

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आगीत दहा नवजात बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले अकरा रुग्ण. भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले आणि आमच्या धंद्यात एकदम कामं आली. घाईची कामं होती ती. घाई आली की काम खाली ढकललं जातं, कारण हात कमी पडतात. तेव्हा मी दवाखान्याचं एक काम नाकारलं. दिलेल्या मुदतीत वायर ओढून झाली असती, चाचणी झाली नसती. ज्या जागी माणसं स्वतःहून उठून पळू शकत नाहीत तिथे मुदत वाढवून मागायची. नाही मिळाली तर काम सोडायचं. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

*

होमस्टेचं स्वयंपाकघर. तिथे धुराचा डिटेक्टर लावला की मासे तळताना रोज हूटर वाजतो, आणि पंधरा दिवसांत कुणीतरी हूटरची तार काढतं. स्वयंपाकघरात उष्णतेचा लावायचा. खोल्यांमध्ये, पॅसेजमध्ये धुराचा. वाडीत झावळ्या जाळायच्या असतील तर त्या बाजूची खिडकी बंद ठेवायला होमस्टे चालवणाऱ्या ताईंना सांगून ठेवायचं. पोटठेकेदाराच्या गोणीत दोन्ही डिटेक्टर सारखेच पांढरे, सारखेच गोल दिसतात. मी साइटवर पोचवायच्या आधी उष्णतेवाल्यांच्या खोक्यावर जाड मार्करने ‘चूल’ लिहितो.

*

जुलैच्या तपासणीसाठी: त्या फोटोवाल्याला आषाढी आटोपली की बोलवायचं. भातलावणीत त्याला घरचं शेत असतं, तेव्हा अडवायचं नाही. दिवसाची मजुरी आधी ठरवायची. तीन नंबरच्या कॉटेजमधला शेवटचा बेस त्याच्याच हाताने उघडायचा, पॅनेलपाशी होमस्टेच्या ताईंना उभं करायचं, आणि फॉल्ट आला की त्यांनीच ओरडून सांगायचं. हूटर पूर्ण वाजवायचा. शेजारच्या दोन वाड्यांना आदल्या दिवशी कळवून ठेवायचं.