विराम कोणाचा?

संगणकाच्या दुकानात आम्ही आजवर गेलो ते बहुधा प्रिंटरची शाई आणावयास. त्यामुळे चिरंजीवांच्या खेळाच्या डेस्कटॉपसाठी वायरलेस अडॅप्टर निवडण्याचे काम अंगावर आले, तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे प्रथम खोक्यावरील मजकूर वाचावयास घेतला. नाटक शिकविणाऱ्या माणसाची ही खोडच असते. मजकूर समोर आला की तो कोणास उद्देशून आहे आणि काय सांगावयाचे टाळतो आहे, हे पाहावयाचे.

प्रसंग असा. आमची कन्या नोकरीनिमित्त म्युनिकला असते. चिरंजीव साताऱ्यास आमच्यापाशी, बारावीत. दोघांच्या वयात दहा वर्षांचे अंतर. फोनवरचे त्यांचे संभाषण 'जेवलास का?' आणि 'हो' यापुढे सहसा सरकत नाही. परंतु रविवारी संध्याकाळी दोघे मिळून 'रॉकेट लीग' हा मोटारींनी चेंडू खेळण्याचा खेळ खेळतात आणि त्या निमित्ताने तास-दीड तास बोलतात. माजघरात आम्हांस त्यातली एकच बाजू ऐकू येते. तेवढी आम्हांस पुरते.

दिवाळीनंतर हे बोलणे तुटक होऊ लागले. "ताईचं हल्ली लक्षच नसतं. विचारलं की मग कधीतरी उत्तर देते," चिरंजीवांनी एकदा सांगून टाकले. त्याच आठवड्यात कन्येने आपल्या आईला विचारले, "तो माझ्यावर रुसलाय का गं?" दोघांनीही एकमेकांच्या शांततेचा अर्थ लावला होता, आणि तो दोघांचाही चुकला होता.

दिवाळीत घडले होते ते इतकेच, की अभ्यासाला शांतता हवी म्हणून डेस्कटॉप माजघरातून माडीवर गेला होता. माजघरात तो राउटरशेजारी वायरने जोडलेला असे. माडीवर त्याच्या पाठीमागे नखाएवढा यूएसबी अडॅप्टर खोचला गेला. मध्ये आमच्या जुन्या घराची दीड हात जाडीची दगडी भिंत.

दोष नेमका कोठे आहे हे शोधण्याची रीत चिरंजीवांनीच आम्हांस शिकविली. 'पिंग' नावाचा एक छोटासा प्रोग्राम आहे; माइक म्यूस यांनी तो १९८३ साली लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचे नाव पडले. तो पलीकडे हाक मारतो आणि प्रतिसाद यावयास किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. युरोपातल्या सर्व्हरकडून उत्तर यावयास एरवी दीडशेच्या आसपास लागत. त्यास इलाज नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. साडेसहा हजार किलोमीटर जाऊन परत यावयाचे तर सरळ रेषेतही ६५ मिलिसेकंद हवेतच, आणि समुद्रातल्या केबली काही सरळ रेषेत जात नाहीत. मग आम्ही घरातल्याच राउटरला हाक मारून पाहिली. उत्तरे आली ती अशी: ३, ४, ३, २६०, ५, ४१०. म्हणजे म्युनिक दूर नव्हते. माजघर दूर गेले होते.

आता खोक्यावरील मजकूर. त्यावर ठळक अक्षरांत 'एएक्स १८००' असे छापलेले. हा आकडा दोन पट्ट्यांची बेरीज आहे: ५ गिगाहर्ट्झवरचे १२०१ मेगाबिट आणि २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४, मिळून जवळपास अठराशे. असा अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, म्हणजे ही बेरीज कोणाच्याच पदरात पडत नाही. शिवाय अशा खेळाला सेकंदास एक मेगाबिटही सहसा लागत नाही. वेग आम्हांस हवाच नव्हता. हवी होती ती लय. दर वेळी दीडशे लागोत, परंतु दीडशेच लागोत. खोक्यावर याविषयी अवाक्षर नव्हते.

वाय-फायचा शिष्टाचार सभेसारखा असतो. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलावयाचे. आधी कान द्यावयाचा, कोणी बोलत नसेल तर तोंड उघडावयाचे, पोच मिळाली नाही तर तेच पुन्हा सांगावयाचे. भिंतीआडून शब्द फुटका पोहोचला की पुनरुक्ती वाढते, आणि तिचेच ते २६० नि ४१० होतात. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीस त्यातल्या त्यात दाद देत नाही, पण तेथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झवर ऐसपैस जागा, पण दगडापुढे ते लवकर थकते.

सर्वांत उत्तम उपाय वायरच. परंतु ती जिन्यावरून आणावी तर आमच्या ऐंशी वर्षांच्या आईच्या पायांत येणार. भिंतीला भोक पाडावे तर घर चुलत्यांच्या सामाईकीत. नखाएवढ्या अडॅप्टरचे दुखणे असे, की त्याचा अँटेना तसाच इवलासा, आणि तोही संगणकाच्या लोखंडी पेटीआड, भिंतीकडे तोंड करून. अखेर आम्ही मदरबोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारे कार्ड घेतले. ज्याचे दोन्ही अँटेना लांब वायरीच्या बैठकीवर असतात, असे. ग्राफिक्स कार्डाखाली एक छोटी खाच मोकळी आहे ना, हे आधी पेटी उघडून पाहिले. ब्लूटूथसाठी कार्डापासून मदरबोर्डाला एक बारीक वायर जोडावी लागते, तीही चिरंजीवांनी जोडली. बैठक ठेवली ती जिन्याच्या तोंडाशी असलेल्या कोनाड्यात. तेथून राउटरपर्यंत भिंत आड येत नाही.

राउटरची उत्तरे आता ३, ४, ३, ५ अशी येतात. क्वचित एखादा वीस.

आम्ही वर्गात नेहमी सांगतो, की नाटकातला विराम हा संवादच असतो आणि तो नटाचा असावा लागतो. पडदा अडकल्याने पडलेला विराम प्रेक्षक नाटकाचाच समजून बसतात. आमच्या घरात दोन महिने हेच चालले होते, आणि शिकविणाऱ्याच्या ते ध्यानात आले नाही.

गेल्या रविवारी चिरंजीवांनी विचारले, "ताई, तू मे महिन्यात येणारेस का?" त्यानंतर माडीवर बराच वेळ शांतता होती. आम्ही जिन्याखाली उभे होतो. त्याने मात्र पुन्हा विचारले नाही, 'ऐकू येतंय का?' असेही म्हटले नाही. तो नुसता थांबला.