मुरुडच्या किनाऱ्यावर दोन ताटे

धाकट्या मुलीची रुखसती होऊन महिना झाला होता. घर एकदम सुने झाले. दस्तरखानावर आम्ही दोघेच समोरासमोर बसायचो आणि काय बोलावे ते सुचत नसे. शेवटी मुलीनेच फोनवर दटावले, "अब्बा, अम्मीला घेऊन कुठेतरी जाऊन या. समुद्रावर जा." 26 वर्षांच्या संसारात आम्ही दोघेच असे कुठे गेलो नव्हतो. प्रवास झाले ते लग्नांचे, मय्यतीचे, नाहीतर दवाखान्याचे.

साताऱ्याहून सकाळी निघालो. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, माणगाव, म्हसळा करीत दिघीला पोहोचलो. तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढून राजपुरीची खाडी ओलांडली की आगरदांडा आणि पुढे थोड्याच अंतरावर मुरुड. खारा वारा लागताच बेगमने गाडीची काच पूर्ण खाली केली. त्यांचे माहेर दाभोळच्या खाडीकाठचे. लग्न होऊन घाटावर आल्या आणि समुद्र सुटला.

दुपारी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेलो. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून आला. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सिद्दींनी या बेटावरून पिढ्यानपिढ्या राज्य केले. 1948 साली हे संस्थान भारतात विलीन झाले. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत मात्र गोड्या पाण्याचे तलाव, ही अल्लाहची कुदरत पाहण्यासारखी आहे. परतताना खोकरीचे गुंबजही पाहिले. सिद्दी सरदारांच्या त्या दगडी कबरींजवळ आम्ही फातिहा पढलो. आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हते.

मगरिबच्या सुमारास मुरुडच्या वाळूवर आलो. चांदाची 28 तारीख होती. महिनाअखेरीस, अमावास्येच्या आसपास, भरती मोठी येते आणि ओहोटीही तशीच लांब जाते. त्या संध्याकाळी पाणी खूप मागे हटले होते. समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसत होता. कोकण किनाऱ्यावर किब्ला समुद्राच्याच बाजूला येतो. वाळूवर चादर अंथरून आम्ही नमाज अदा केली. मधे एकही भिंत नव्हती.

जेवायला ज्या ठिकाणी गेलो ते हॉटेल म्हणावे असे नव्हतेच. नारळ-सुपारीच्या वाडीत पत्र्याचा मांडव, पाच-सहा टेबले, प्लास्टिकच्या खुर्च्या. मालकीणबाई वयस्कर कोकणी मुस्लिम. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची बहुतेक वाडी आडवी झाली. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात, तोवर चूल कशी पेटायची? म्हणून त्यांनी चूलच धंद्याला लावली. हे त्यांनी पाणी देता देता सांगितले. बोलण्यात तक्रार नव्हती.

मेनूकार्ड नव्हते. आम्ही नेहमीप्रमाणे दोघांचे मिळून सांगून टाकले, "दोन सुरमई थाळ्या." पण त्या बाई थांबल्या आणि बेगमकडे वळून म्हणाल्या, "तुमचं काय, बेटा? तुम्हांला काय आवडतं?"

बेगम जरा थांबल्या. मग हळूच विचारले, "खाला, तिसऱ्या आहेत?"

"आहेत ना! पहाटेच्या ओहोटीला काढल्यात. दिवसभर पाण्यात ठेवल्यात, रेती सगळी गेलीय."

मग त्या दोघींचे कोकणीत जे सुरू झाले ते आम्हांला निम्मेच कळले. दाभोळकडे त्यांना 'मुळे' म्हणतात. बेगम लहानपणी बहिणींबरोबर ओहोटीच्या चिखलात बसून ते गोळा करीत आणि ओढणीत बांधून आणीत. 26 वर्षांत हे आम्ही प्रथमच ऐकत होतो.

कारण आमच्याच घरात होते. आम्ही हनफी, बेगमचे माहेर शाफई. शाफई मसलकात समुद्रातले बहुतेक जीव हलाल, हनफी मसलकात फक्त मासळी. दोन्ही इमाम आमच्या डोक्यावरचे ताज. पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आमच्या अम्मी सहज बोलल्या होत्या, "आपल्यात शिंपले खात नाहीत." तेवढ्यावर विषय संपला. त्यांना मनाई कोणी केली नव्हती आणि विचारलेही कोणी नव्हते. आम्ही तर समजत होतो की त्यांना आवडतच नसावे.

ताटे आली. आमच्यापुढे तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. त्यांच्यापुढे एकशिपी, म्हणजे एका शिंपीत मांस ठेवून ओले खोबरे, कांदा आणि आमसूल घालून केलेल्या सुक्या तिसऱ्या. त्यांनी बिस्मिल्लाह केली, पण हात लावीनात. "तुम्हांला चालेल ना, मी समोर बसून खाल्लं तर?" असे त्यांनी विचारले आणि घास आमच्याच घशात अडकला.

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले होते, की अल्लाहच्या खुशीसाठी जे खर्च कराल त्याचा अज्र मिळेल, बायकोच्या तोंडी घातलेल्या घासाचासुद्धा. ही हदीस आम्ही मजलिशीत अनेकदा सांगितली आहे. त्या घासात काय असावे हे बायकोला विचारायचे मात्र राहून गेले होते. सूरह माइदामध्ये समुद्राची शिकार हलाल केल्याचे सांगताना मुसाफिरांचा खास उल्लेख आहे. त्या रात्री मुसाफिर तर आम्ही दोघेही होतो.

आम्ही त्यांचे ताट थोडे आपल्याकडे ओढले. एकेका शिंपीतले मांस चमच्याने सोडवून भाकरीवर ठेवू लागलो. स्वतः खाल्ले नाही, मसलक आपल्या जागी. पहिला घास मात्र आमच्या हाताने भरवला. त्या लाजून म्हणाल्या, "अहो, लोक बघतायत." बघत होत्या त्या खालाच, आणि त्याही तोंड फिरवून चुलीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही म्हटले, बाजारातून तिसऱ्या घेऊन जाऊ, घरी करा. बेगमने मान हलवली. "साताऱ्यापर्यंत टिकायच्या नाहीत. त्यापेक्षा परत येऊ." मग फेरीबोटीवर आम्ही विचारले, "आणखी काय काय सुटलं?" त्यांनी बोटे मोजायला सुरुवात केली. आगरदांड्याचा धक्का मागे पडला, दिघी आली, तरी यादी संपली नव्हती.

इन्शाअल्लाह, पुढची खेप दाभोळला.