कारण : घरगुती अडचण

पाली, ता. जि. रत्नागिरी
१७ जानेवारी २०२६

चि. बाबू यास,


परवा दादाचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, फोन आला. दिवाळीनंतर तू कॉलेजात पाऊल टाकलं नाहीस आणि ठाण्याजवळ दिव्याला मोठ्या भावाकडे राहून भिवंडीच्या गोदामात कामाला लागलास, हे मला तेव्हा कळलं. दादा जास्त बोलला नाही. 'आता काय करायचं ते तूच सांग' एवढंच म्हणाला. फोनवर माझं ऐकताना तू 'हो आत्या, हो आत्या' करत राहशील, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली, त्यातली बरीचशी विद्यार्थ्यांच्या खिडकीवर. प्रवेश घेणारी मुलं त्याच खिडकीवर येतात आणि सोडून जाणारीही. दाखल्याच्या अर्जात एक रकाना असतो, 'महाविद्यालय सोडण्याचे कारण'. जागा जेमतेम एका ओळीची. त्यात बहुतेक सगळी मुलं दोनच शब्द लिहीत, 'घरगुती अडचण'. मग नो ड्यूजचा कागद घेऊन सह्यांसाठी फिरत. लायब्ररीची सही, जिमखान्याची सही, सायन्सचा मुलगा असेल तर लॅबची. फुटलेल्या ब्युरेटचे पैसे भरून झाले की लॅबची सही मिळे. तेवढ्या वेळात खिडकीशी उभं राहून मुलं बोलत. त्या दोन शब्दांच्या मागे काय असतं ते मला तिथे कळत गेलं.

डोकं चालत नाही म्हणून सोडणारी फार थोडी. आपला कोकण विभाग बोर्डाच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिला येतो. २०२५ च्या बारावीला राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, आपला ९६.७४. एवढी पोरं बारावी पास होतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांतली कितीतरी वर्गातून नाहीशी होतात, तर दोष त्यांच्या बुद्धीला कसा द्यायचा?

पहिलं कारण गाडी. हे मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. खानू, चरवेली, नाणीज, या बाजूच्या वाड्यांवरचं पोर आधी चालत किंवा कुणाच्या दुचाकीवर पालीत येतं, मग रत्नागिरीची एसटी पकडतं. विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, पण सवलतीने गाडी वेळेवर येत नाही. हायवेच्या कामाने किती वर्षं धूळ खाल्ली ते तू पाहिलंसच. पहिलं लेक्चर रोज बुडतं, प्रॅक्टिकल उशिरा सुटलं की शेवटच्या गाडीचा घोर. पंचाहत्तर टक्के हजेरी भरत नाही म्हणून यादीत नाव लागतं, आणि ते नाव वाचून मुलगा दुसऱ्या दिवशी येतच नाही. कोरोनानंतर कॉलेजं जरा उघडली, तोच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. एसटी कामगारांचं दुखणं खरं होतं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण त्या वर्षी खेड्यातली जी पोरं तुटली ती पुन्हा दिसली नाहीत.

मग इंग्रजी. मराठी शाळेतून आलेलं पोर बारावीपर्यंत गाईडवर निभावून नेतं. बी.एस्सी.ला आल्यावर सर जे बोलतात त्यातलं अर्धं वहीत उतरतच नाही. पहिल्या सेमिस्टरला एक केटी लागते. एका विषयाची केटी म्हणजे काहीच नाही, पुन्हा परीक्षा द्यायची, संपलं. पण घरातलं कॉलेजात गेलेलं ते पहिलंच माणूस. वडिलांना केटी म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांना 'नापास' एवढंच कळतं. मुलगा घरी सांगत नाही. दुसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म भरतो, त्याचे पैसे आईकडून घेतो, आणि परीक्षेला बसत नाही. तुझी फिजिक्सची केटी मला दादाकडून कळली नाही, बाबू. गणपतीत तू निकालाचा विषय निघाला की उठून पडवीत जायचास, तेव्हाच कळली होती.

पैशाचं मी वेगळं लिहीत नाही, ते सगळ्यांतच आहे. फी तशी भरवते, शिष्यवृत्तीही येते. पण ती वर्ष सरता सरता खात्यात पडते, आणि खोलीचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं.

मुलींच्या बाबतीत तर मुलगी खिडकीवर येतच नाही. वडील येतात, नाहीतर काका. दाखला मागतात आणि कारणाच्या रकान्यात 'विवाह' असं लिहितात, मोकळेपणाने. एकदा एका बापाला मी विचारलं, परीक्षेला दोन महिने राहिलेत, तेवढे थांबता येणार नाही का? तो म्हणाला, 'मुलगा मुंबईचा आहे, सुट्टी आत्ताच आहे.' मुलगी गेटबाहेर मैत्रिणीशी बोलत उभी होती, तिची लॅबची वही तिच्या हातात होती. सरकारने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे मोठं काम झालं. पण संध्याकाळची गाडी नसेल तर नाणीजच्या पुढची मुलगी त्या माफीपर्यंत पोचणार कशी? तुझी बहीण यंदा बारावीला आहे. घरात आता 'भावाने सोडलं, तर हिचं कशाला' अशी बोलणी सुरू झाली की तिच्या बाजूने बोलायचं काम तुझं आहे.

आता तुझं म्हणणं. तू दादाला म्हणालास की आजोबा सातवी करून मुंबईला गेले, त्यांचं कुठे अडलं? आजोबांना मी तुझ्याहून जास्त पाहिलंय. ते गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे कायम झाले. त्यांना पगार होता, फंड होता, युनियन होती, लालबागला गावच्या मंडळाची खोली होती. त्या काळी कोकणातल्या पोराने शाळा सोडली तरी त्याच्यासाठी मुंबईत एक कायमची जागा होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि ती वाट कायमची मोडली. आजोबा हिशेबाचे थोडे पैसे आणि ट्रंक घेऊन पालीत परत आले. तुझ्या गोदामात तुझं नाव कंपनीच्या खात्यावर नाही, ठेकेदाराच्या यादीत आहे. अकरा महिन्यांनी तो यादी बदलतो. आजोबांनी सोडलं ते कायमच्या कामासाठी, आणि तू ज्यासाठी सोडलंस त्याला अजून साधं ओळखपत्रही नाही.

पदवीने सगळं मिळतं असं मी तुला सांगणार नाही, ते खोटं ठरेल. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात आहे की २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेकारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. हे आकडे पाहून कुणीही म्हणेल की शिकून उपयोग काय. मी त्यांचा अर्थ असा लावते, की निरक्षर पोराला बेकार राहणं परवडतच नाही, मिळेल ते काम तो करतो, आणि जन्मभर तेच करतो. पदवीधर थांबतो, कारण त्याला थांबून मागायला काहीतरी असतं. तलाठ्याच्या त्या रांगेत उभं राहायलासुद्धा पदवी लागते. बँकेच्या क्लार्कला लागते, राज्यसेवेला लागते. तू रांगेत उभं राहू नकोस, हरकत नाही. पण उद्या उभं राहावंसं वाटलं तर कुणी बाहेर काढू नये, एवढं तुझ्या हातात असावं.

सोडणं म्हणजे पाप, असं मला कधीच वाटलं नाही. एक मुलगा बी.एस्सी.चं पहिलं वर्ष सोडून आयटीआयला गेला. दाखला देताना मी त्याला अडवलं नाही, उलट लवकर काढून दिला, कारण तिकडच्या प्रवेशाची तारीख जवळ आली होती. आज तो रेफ्रिजरेशनची कामं घेतो आणि आंब्याच्या सीझनला त्याला जेवायला फुरसत नसते. त्याला कुठे जायचंय ते ठाऊक होतं आणि तो कागद घेऊन गेला. मला भीती वाटते ती तुझ्यासारख्यांची, जे खिडकीवर येतच नाहीत. कुणाला न सांगता निघून जातात. त्यांचे बारावीचे मूळ दाखले कॉलेजच्या कपाटात फायलीत पडून राहतात, आणि आठ-दहा वर्षांनी पासपोर्टसाठी नाहीतर जातपडताळणीसाठी कुणीतरी मोठा झालेला माणूस ते शोधत येतो, आपला जुना रोलनंबर आठवत.

बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण तुला भाषणांतून हजारदा ऐकवलं असेल. आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. पण त्यांची एक गोष्ट भाषणांत येत नाही. १९१७ साली लंडनला शिकत असताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पैसे नाहीत म्हणून कॉलेज सुटलं, तुझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांसारखं. पण निघण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. येताना त्यांची पुस्तकं ज्या बोटीवर होती ती टॉर्पेडोने बुडाली. बडोद्यात राहायला जागा मिळेना. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. मुदतीच्या आत. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. ती परवानगी घ्यायची राहिली असती तर तीन वर्षांनी गाठीला पैसे असूनही काय झालं असतं, याचा विचार कर. तुम्हा मुलांच्या तोंडी सारखा येणारा तो बिल गेट्ससुद्धा १९७५ ला हार्वर्डमधून बाहेर पडला तो रजा टाकून. कंपनी बुडाली असती तर परत जायला त्याला जागा होती, आणि घर वकिलाचं होतं.

तुझ्यासाठी ही परवानगी आता नियमातच आहे आणि ती तुला कुणी सांगितलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तू २०२४ च्या जूनला प्रवेश घेतलास, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाच्या पहिल्याच तुकडीत. तुझे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझ्या बारा आकडी नंबरावर जमा होतात. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट पुरे झाले आणि त्यावर ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप केली, तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांचे ८० ते ८८ झाले तर तशाच अटीवर डिप्लोमा. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांत परत यायचं आणि सुरुवातीपासून सात वर्षांच्या आत पदवी पुरी करायची. तुझी ती एक केटी सुटली की पहिलं वर्ष पूर्ण होतं. एका पेपरासाठी तू अख्खं वर्ष हवेत सोडून आला आहेस.

माझ्या मनातलं विचारशील तर तू परत यावंस आणि चौथं सेमिस्टर द्यावंस. गोदामातलं काम उन्हाळ्यातही मिळेल. मात्र घरी पैशाची खरी ओढ असेल आणि मोठ्याचा हप्ता तुझ्यावर असेल, तर ते मला सरळ सांग, मी त्यावर वाद घालणार नाही. तसं असेल तर केटीचा पेपर दे, सर्टिफिकेटचं विचार, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहिती काढ. १९८९ पासून ते नोकरी किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी चाललंय, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी मुलं मोठी झाल्यावर तिथून पदवी घेतली.

फिजिक्सच्या सरांशी मी बोलले आहे. शनिवारी दुपारी ते केटीवाल्या मुलांना शिकवतात, मराठीतून समजावतात. परीक्षेच्या फॉर्मची लेट फी लागली तर ती माझ्याकडे. तुझा विद्यापीठाचा पीआरएन नंबर, तिसऱ्या सेमिस्टरचं हॉलतिकीट आणि अकॅडमिक बँकेतल्या क्रेडिटच्या पानाचा फोटो मला या दोन दिवसांत पाठव, म्हणजे काय उरलंय ते ऑफिसात बसून नीट बघता येईल. दादाला तुझा राग नाही. तो घाबरलाय, त्याला आज रात्री तूच फोन कर. मी सोमवारी सकाळच्या गाडीने रत्नागिरीला जातेय, कॉलेजचं ऑफिस साडेदहाला उघडतं, त्याआधी तुझे कागद माझ्या मोबाइलवर आलेले असू देत.

तुझी,
आत्या