मी जातों, मी जातें

इंग्रजींत 'आय गो' म्हणणारा पुरुष कीं स्त्री, हें केवळ शब्दांवरून कळावयाचें नाहीं. मराठीला मात्र एवढें मौन मान्य नाहीं. आपण कोठें निघालों एवढेंच सांगावयास मनुष्यानें तोंड उघडावें, तों आपण कोण हेंही ती त्याच्याकडून वदवून घेते. तो 'जातों' म्हणतो, ती 'जातें' म्हणते. व्याकरणकार ह्यास क्रियापदाचें लिंग म्हणून मोकळे होतात. पण दिवसांतून शेंकडों वेळां दिलेली ती हजेरीच नव्हे काय?

आमच्या सोलापुरांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं. येथें मराठीच्या शेजारीं कानडी नांदते, आणि पूर्वभागांतील विणकरांच्या वस्तींत तेलुगु. कानडी 'होगुत्तेने' घ्या किंवा तेलुगु 'वेळ्तानु' घ्या, दोहोंत 'मी'ला लिंग नाहीं. बाप आणि लेक एकाच क्रियापदानें घराबाहेर पडतात.

अशाच एका तेलुगु घरांतील विद्यार्थिनी वर्गांत 'मी बाहेर जातों' म्हणाली, आणि सारा वर्ग हसला. तिची आई विड्या वळून संसार चालवी. घरांत कर्तें कोण, ह्याचा निवाडा तेथें क्रियापदानें होत नसे. बरें, ही नुसती भाषेची चूक म्हणावी, तर 'भात शिजली' म्हणणारा मुलगाही त्याच वर्गांत होता. त्याला कोणी फारसें हसत नसे. दुसऱ्या दिवसापासून ती 'जातें' म्हणूं लागली, आणि तिचा आवाजही खालीं आला. व्याकरणांत आवाजाचा नियम आमच्या तरी वाचनांत नाहीं.

वेस्ट व झिमरमन ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं १९८७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, स्त्रीत्व-पुरुषत्व ही अंगीं असण्यापेक्षां चारचौघांत नित्य करून दाखविण्याची गोष्ट आहे. त्यांना मराठी येत असती, तर पुरावा क्रियापदांतच सांपडता! शिवाय कोल्हापूर-सांगलीकडे अस्सल मराठी घरांतील मुलीही 'मी येतों' म्हणतात. त्यामुळें त्यांच्या स्त्रीपणास बाध आल्याचें ऐकिवांत नाहीं.

लेखकाचें 'आम्ही' तर ह्याहून सोयीचें. 'आम्ही जातों' म्हणतांना स्त्री-पुरुष भेद उरतच नाहीं. मासिकाच्या पानावर ही सवलत आम्हांस न मागतां मिळते. त्या मुलीस वर्गाबाहेर जाण्याची परवानगी मागतांना ती नव्हती.