तिसरी मोजणी

स्मरणिकेसाठी लिहा, असा संस्थेचा निरोप आला तेव्हा आम्ही तिघांनी मिळून एकच लेख लिहायचे ठरवले. आम्ही एकाच तुकडीचे, एकाच खोलीत राहिलेले, आणि योगायोगाने आज एकाच व्यवसायात पुण्यात काम करणारे. आमचे काम थोडक्यात सांगायचे तर नोंदींच्या प्रती सांभाळणे. घरच्या मंडळींना ते आजवर नीट समजावून सांगता आलेले नाही. या लेखात तो प्रयत्न करतो, कारण ते काम आम्ही प्रथम शिकलो ते भवानी पेठेतल्या याच वास्तूत.

बाहेर गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू असे, ओसरीवर बसून आयाबाया विड्या वळत असत, आणि सायंकाळी आत हजेरी होई. हजेरीच्या वह्या दोन होत्या. एक अधीक्षकांच्या टेबलावर, दुसरी स्वयंपाकघरात. भाकरी किती टाकायच्या हे तिच्यावरून ठरे. दोन्ही आकडे जुळले तर प्रश्न नसे. न जुळले तर कोणती वही खरी? अधीक्षक कोणत्याही एका वहीची बाजू घेत नसत. रात्री ते कंदील घेऊन स्वतः अंथरुणे मोजीत. तिसरी मोजणी ज्या वहीशी जुळे, तो आकडा कायम होई. “मोजल्याशिवाय आहे म्हणू नका,” हे त्यांचे वाक्य आम्हांला त्या वयात कंटाळवाणे वाटे.

आज मोठमोठ्या संस्थांचा डेटाबेस एका संगणकावर ठेवत नाहीत. तीच माहिती तीन किंवा पाच सर्व्हरवर असते. प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात आणि त्यांच्या समूहाला क्लस्टर. एक नोड प्रमुख असतो. नवी नोंद प्रथम त्याच्याकडे जाते आणि बाकीचे ती उतरवून घेतात. त्या प्रतींना रेप्लिका हे नाव आहे. प्रमुख बंद पडला तर उरलेले नोड मतदानाने नवा प्रमुख निवडतात. त्यासाठी निम्म्याहून अधिक नोड एकमेकांच्या संपर्कात असावे लागतात. तीनपैकी दोन, पाचपैकी तीन. चार नोड ठेवले तरी बहुमताला तीनच लागतात, म्हणजे चौथ्याने खर्च वाढतो, पण आणखी एक नोड पडल्यास आधार मिळत नाही. म्हणून संख्या विषम ठेवतात. दोन वह्यांचे भांडण तिसऱ्या मोजणीने मिटते, हेच ते तत्त्व.

बहुमताचा आग्रह का, हे अमेरिकेतील गिटहबच्या अनुभवावरून कळते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांच्या दोन केंद्रांमधला संपर्क केवळ ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात पश्चिम किनाऱ्यावर नवे प्रमुख नेमले गेले. पूर्वेकडे लिहिलेल्या काही नोंदी मात्र तिकडे पोहोचल्या नव्हत्या. दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि त्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

आपल्याकडचे उदाहरणही आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० वाजता थांबले आणि दुपारी ३:४५ वाजता पुन्हा सुरू झाले. मुख्य केंद्र आणि त्याची प्रत ठेवणारे जवळचे केंद्र यांना जोडणाऱ्या वाहिन्या दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. तरीही वाटेतल्या खोदकामामुळे दोन्हींच्या वाहिन्या अस्थिर झाल्या, आणि मुख्य केंद्रातील साठवण यंत्रणाच हाती लागेना. दूरच्या पर्यायी केंद्रावर कारभार का हलवला नाही, अशी विचारणा सेबीने केली. कंपन्या दोन असल्या, तरी एका खोदकामाने दोघींनाही गाठले.

दुसऱ्यांच्या चुका सांगताना आमची लपवणे योग्य नव्हे. आमच्याकडे एक तीन नोडांचा क्लस्टर होता; काही दवाखान्यांच्या नोंदी त्यावर होत्या. एका रात्री दुरुस्तीसाठी आम्ही एक नोड बंद केला. दोन उरतील, बहुमत टिकेल, हा आमचा हिशेब. प्रत्यक्षात दुसऱ्या एका नोडची डिस्क भरून तो तीन आठवड्यांपूर्वीच थांबला होता. त्याचा इशारा नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर जात राहिला. एकट्या उरलेल्या प्रमुखाने नियमाप्रमाणे प्रमुखपद सोडले आणि लिहिणे थांबले. पावणेदोन तास त्या दवाखान्यांत नव्या रुग्णाची नोंद होऊ शकली नाही. कागदावर तीन होते. आम्ही मोजले नव्हते. त्या रात्री तिघांनाही कंदील आठवला.

या साऱ्याचे मोल आम्हांला त्याआधीच कळायला हवे होते. आमच्यापैकी एकाला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती. पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा हवा. आजोबा ज्या शाळेत दोन इयत्ता शिकले, तिथल्या जनरल रजिस्टरची ती पाने वाळवीने खाल्ली होती, आणि दुसरी प्रत नव्हती. मुदतीला नऊ दिवस उरले असता तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, सापडले. आजोबांच्या जन्माची नोंद त्यात जातीसह होती. वेगळ्या माणसाने, वेगळ्या कारणासाठी, वेगळ्या इमारतीत ठेवलेली नोंद. तिच्यावर एक जागा वाचली आणि एका घराची दिशा बदलली. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या हाती असलेली एकेक नोंद किती मोलाची, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

मात्र प्रत असणे आणि नोंद सुरक्षित असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्रमुख नोडवर चुकून काही पुसले गेले, तर क्षणार्धात ते सर्व रेप्लिकांवरही पुसले जाते. त्या आज्ञाधारक असतात. म्हणून कालची, न बदलणारी एक प्रत निराळी जपावी लागते, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे लागते.

म्हणून एक विनंती. आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर आजही एकच आहे आणि एकाच कपाटात आहे. पानन् पान स्कॅन करून त्याचे तीन संच करण्याचे काम आम्ही तिघे विनामूल्य करू. एक संच शाळेत राहावा, दुसरा अडीचशे किलोमीटरवर पुण्यात, तिसरा कुठल्याही तिसऱ्या गावी एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे. दरवर्षी वर्धापनदिनी तिन्ही संचांतली कोणतीही दहा पाने काढून मूळ रजिस्टरशी ताडून पाहावीत. ते काम त्या वर्षीच्या दहावीच्या मुलामुलींकडे सोपवावे. अधीक्षकांचा कंदील आता नाही; मोजण्याची सवय तरी पुढच्या तुकडीच्या हाती जावी.